डब्लिनच्या पलटणीच्या युद्धसन्मानांत ‘खडकी’ कशी? आयर्लंडच्या बराकी आणि रेजिमेंट यांच्याविषयी काही प्रश्न

खडकीकर (धागा सुरू करणारे)

सर्व सदस्यांना नमस्कार. माझे बालपण खडकीत गेले असून गेली काही वर्षे मी नोकरीच्या निमित्ताने डब्लिनमध्ये राहत आहे. येथे लिफी नदीच्या उत्तर काठावर कॉलिन्स बॅरॅक्स नावाची, प्रशस्त चौकांची एक जुनी दगडी लष्करी वास्तू आहे आणि १९९७ पासून तेथे आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा एक विभाग आहे. एका पावसाळी रविवारी मुलीला घेऊन तेथे गेलो असता लष्करी इतिहासाच्या दालनात ती एका काचेच्या कपाटापाशी थबकली आणि “बाबा, हत्ती!” म्हणून ओरडली. वाकून पाहिले, तर तो रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स या पलटणीचा टोपीवर लावायचा बिल्ला होता. दोन बोटे उंचीचा, ज्वाला उसळणाऱ्या हातगोळ्याच्या आकाराचा, त्या गोळ्याच्या गोल पोटावर एक वाघ आणि एक हत्ती, आणि खाली पट्टीवर पलटणीचे नाव. ज्या बेटावर वाघ-हत्ती सोडाच, पण सापसुद्धा आढळत नाही, तेथील राजधानीच्या पलटणीने ही जनावरे कोठून आणली, असा प्रश्न मुलीने विचारला आणि मला उत्तर देता आले नाही.

घरी येऊन या पलटणीच्या युद्धसन्मानांची यादी पाहिली तेव्हा कोडे अधिकच वाढले. अर्काट, प्लासी, वांदिवाश, बक्सार, श्रीरंगपट्टण अशी नावे ओलांडत पुढे गेलो आणि ‘कर्की’ या शब्दावर नजर खिळली. ही आपलीच खडकी, इंग्रजी उच्चारात. ५ नोव्हेंबर १८१७ च्या ज्या लढाईत बापू गोखल्यांच्या फौजेला माघार घ्यावी लागली, ती लढाई डब्लिनच्या पलटणीने आपल्या निशाणावर कशी काय मिरवली? तेव्हा आयरिश सैनिक खडकीत होते काय?

याला जोडून आणखी दोन शंका आहेत. पहिली अशी की, ज्या देशात इंग्रजांविरुद्ध इतकी बंडे झाली त्याच देशात गावोगावी एवढ्या मोठ्या बराकी दिसतात, त्या नेमक्या कोणासाठी बांधल्या होत्या? आयरिश पलटणींसाठी, की आयरिश लोकांवर वचक ठेवण्यासाठी? दुसरी शंका किरकोळ आहे. येथील एक सहकारी छातीठोकपणे सांगतो की फिनिक्स पार्कजवळची मॅकी बॅरॅक्स ही लाल विटांची, मनोऱ्यांची इमारत मुळात भारतासाठी आखलेली होती आणि लंडनच्या कार्यालयात नकाशांची अदलाबदल झाल्यामुळे ती डब्लिनमध्ये उभी राहिली. यात तथ्य आहे काय?

जुना दप्तरदार

आपला प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर ते ‘दत्तकविधान’ असे देता येईल. खडकीला लढलेली पलटण त्या वेळी डब्लिनची नव्हती, आयर्लंडचीही नव्हती, इतकेच नव्हे तर ती इंग्लंडच्या राजाचीसुद्धा नव्हती. ती ईस्ट इंडिया कंपनीच्या पगारावरची ‘बॉम्बे युरोपियन रेजिमेंट’ होती, म्हणजे आपल्याकडे जिला लोक गोरी पलटण म्हणत तीच.

तिची मुळे थेट मुंबईच्या आंदणापर्यंत जातात. दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहात मुंबई मिळाली आणि ती ताब्यात घेण्यासाठी १६६२ साली सर अब्राहम शिपमन याच्याबरोबर सैन्य पाठवण्यात आले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ताबा देण्याचे नाकारले, तेव्हा या तुकड्यांना आज गोव्याच्या हद्दीत मोडणाऱ्या अंजदीव बेटावर तळ ठोकून बसावे लागले. तेथील हवापाण्याने जे केले ते कोणत्याही शत्रूने केले नसते. शिपमन स्वतः १६६४ मध्ये तेथेच वारला आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला तेव्हा त्या सैन्यातील शंभरेक माणसेच उरली होती. १६६८ मध्ये मुंबई कंपनीकडे आली, तेव्हा हे उरलेसुरले सैनिक कंपनीच्या चाकरीत गेले. पुढे त्यांच्यातूनच बॉम्बे युरोपियन रेजिमेंट उभी राहिली. १८१७ च्या ऑक्टोबरअखेरीस पुण्यातील ब्रिटिश फौज कमकुवत असताना हीच पलटण तातडीची मजल मारून ३० ऑक्टोबरला पुण्यात पोहोचली आणि लगेचच सर्व फौज गारपिराचा तळ सोडून खडकीला गेली. सहा दिवसांनी लढाई झाली. तो सन्मान त्या पलटणीचा.

आता ही पलटण डब्लिनला कशी गेली ते पाहू. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य संपले आणि तिचे गोरे सैन्य राणीच्या सैन्यात वर्ग करण्याचे ठरले. आपल्याला न विचारता, नव्या भरतीचा बक्षीस-भत्ता न देता आपली बदली केली जात आहे म्हणून १८५९ मध्ये या सैनिकांनी मोठी कुरबूर केली आणि सुमारे १०,००० जणांनी नाव कमी करून घेतले. जे राहिले त्यांच्या नऊ पायदळ पलटणी करून त्यांना १०१ ते १०९ असे क्रमांक देण्यात आले. बॉम्बे युरोपियनला १०३ आणि मद्रास युरोपियनला १०२ हा क्रमांक मिळाला.

या पलटणींची मोठी अडचण अशी होती की त्यांना मायदेशात घरच नव्हते. जुन्या राजपलटणींचे कोणत्या ना कोणत्या परगण्याशी काही नाते असे. यांचे सारे आयुष्य हिंदुस्थानातील छावण्यांत गेलेले. १८७० च्या दशकात युद्धमंत्री कार्डवेल यांनी अशी पद्धत घातली की दोन पलटणींची जोडी लावावी, एक परदेशी असेल तेव्हा दुसरीने मायदेशी राहावे, आणि दोघींची भरती एका ठरावीक जिल्ह्यातून, एका ठरावीक डेपोतून व्हावी. १८७३ मध्ये १०२ आणि १०३ या जोडीला डब्लिनच्या नैर्ऋत्येचे, किल्डेअर परगण्यातील नेस हे गाव डेपो म्हणून मिळाले. १८८१ मध्ये नंतरचे युद्धमंत्री चिल्डर्स यांनी क्रमांक काढून टाकून नावे दिली, तेव्हा १०२ ही रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची पहिली बटालियन झाली आणि १०३ ही दुसरी. खडकीबरोबरच आपल्या यादीत ‘महिदपूर’ हेही नाव सापडेल. डिसेंबर १८१७ मध्ये होळकरांच्या फौजेविरुद्ध झालेल्या त्या लढाईचा सन्मान मद्रासवाल्या थोरल्या भावाने आणलेला आहे. वाघ आणि हत्ती हीदेखील याच कंपनी-काळातील बक्षिसी.

ही एकटी डब्लिनची गोष्ट नाही. त्या नऊ पलटणींपैकी सहा आयरिश रेजिमेंटांच्या पदरात पडल्या. बंगालच्या १०१ आणि १०४ यांच्या रॉयल मन्स्टर फ्युझिलिअर्स झाल्या आणि त्यांचा डेपो केरी परगण्यात ट्रली येथील बॅलीमलन बॅरॅक्समध्ये गेला. मद्रासची १०८ इनिस्किलिंग फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन झाली. सर्वांत गमतीदार जोडी लेन्स्टर रेजिमेंटची आहे. तिची पहिली बटालियन १८५८ मध्ये कॅनडात उभारलेली आणि दुसरी १८५३ मध्ये उभारलेली थर्ड बॉम्बे युरोपियन, जी ह्यू रोझ याच्याबरोबर झाशीच्या वेढ्यात होती. वर कॅनडाचा, वधू मुंबईची आणि लग्नाचा मांडव आयर्लंडच्या मध्यभागी बर्र या गावाशेजारी क्रिंकिलच्या बराकीत! तिच्या मोजक्या युद्धसन्मानांत ‘नायगारा’ आणि ‘सेंट्रल इंडिया’ शेजारी शेजारी नांदतात ते यामुळे.

दत्तक गेलेल्या मुलाचे गोत्र बदलते, परंतु या मुलांनी जन्मघरची इस्टेटही बरोबर नेली, आणि खडकी हा त्या इस्टेटीचा भाग आहे. अवांतर: ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले त्या दिवशी डब्लिन फ्युझिलिअर्सची पहिली बटालियन, म्हणजे पूर्वीची मद्रास युरोपियन, कोठे असेल? मद्रासलाच होती.

कवायत मैदान

दप्तरदारांनी पलटणींचे सविस्तर सांगितलेच आहे, मी इमारतींकडे वळतो. खडकीकरांनी ‘आयरिश पलटणींसाठी की आयरिश लोकांवर वचक ठेवण्यासाठी’ असे दोन पर्याय दिले आहेत. पहिला पर्याय चूक आहे आणि दुसरा अपुरा आहे, असे माझे मत आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम राजाने आयर्लंडमधील युद्ध जिंकले आणि १६९१ च्या लिमरिकच्या तहानंतर पराभूत पक्षाचे हजारो आयरिश सैनिक फ्रान्सला निघून गेले. खडे सैन्य म्हणजे राजाच्या हाती हुकूमशाहीचे हत्यार, ही भीती इंग्लंडच्या पार्लमेंटला फार होती. म्हणून १६९९ च्या कायद्याने इंग्लंडमधील सैन्य ७,००० वर आणून ठेवले आणि आयर्लंडमध्ये मात्र १२,००० सैनिक ठेवण्याची मुभा दिली, तेही आयर्लंडच्या खजिन्यातून. म्हणजे इंग्लंडने आपली फौज शेजाऱ्याच्या वाड्यात आणि शेजाऱ्याच्याच खर्चाने बांधून ठेवली. तिला सामावून घेण्यासाठी आयर्लंडभर बराकींचे जाळे उभे राहिले. इंग्लंडमध्ये त्या काळी सैनिक खाणावळींत आणि दारूच्या गुत्त्यांत उतरवले जात. तेथे मोठ्या प्रमाणावर बराकी बांधल्या गेल्या त्या फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९० च्या दशकात. या बाबतीत आयर्लंड जवळजवळ शंभर वर्षे पुढे होते, मात्र त्याचा अभिमान बाळगावा असे त्यात आयरिश माणसाला काहीच नव्हते.

आपण ज्या वास्तूत हत्ती पाहिला ती या जाळ्याचा मुकुटमणी. टॉमस बर्ग या वास्तुविशारदाने आखलेल्या या बराकीचे काम अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला सुरू झाले. तिला पुढे ‘रॉयल बॅरॅक्स’ हे नाव मिळाले. १९९० च्या दशकात ती बंद झाली तेव्हा सर्वांत दीर्घकाळ सलग वापरात असलेल्या जगातील बराकींपैकी एक म्हणून तिची ख्याती होती. या बराकीत राहणाऱ्यांत कॅथलिक आयरिश माणूस अठराव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागात कायद्याने येऊच शकत नव्हता, कारण कॅथलिकांना सैन्यात घेण्यास बंदी होती. ती शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू सैल झाली, कारण साम्राज्याला माणसे कमी पडू लागली. म्हणून ‘आयर्लंडमधील बराकी’ आणि ‘आयरिश पलटणी’ हे दोन विषय नेहमी वेगळे ठेवावेत. बराकींत इंग्लिश आणि स्कॉटिश पलटणी पाळीपाळीने येत आणि जात, तर आयरिश पलटणी बहुधा समुद्रापार असत.

बंडखोरांचा आणि बराकींचा संबंध अर्थातच आला. १७९८ च्या उठावातील नेता वुल्फ टोन याला याच रॉयल बॅरॅक्समध्ये आणून लष्करी न्यायालयासमोर उभे केले होते. फ्रेंच सैन्यातील अधिकारी या नात्याने आपल्याला फाशी न देता गोळी घालावी, अशी मागणी त्याने केली आणि ती नाकारली गेल्यावर कोठडीत स्वतःचा गळा चिरून घेतला. १९ नोव्हेंबर १७९८ रोजी त्याने तेथेच प्राण सोडले. १९१६ च्या ईस्टर उठावात तर चित्र आणखी गुंतागुंतीचे झाले. उठाव मोडायला डब्लिनमधल्या ज्या तुकड्या प्रथम बाहेर पडल्या त्यांत याच रॉयल बॅरॅक्समधील दहावी डब्लिन फ्युझिलिअर्स होती, म्हणजे एकाच शहरातील मुले बंदुकीच्या दोन्ही टोकांना होती. शरण आलेल्यांना इंचिकोर येथील रिचमंड बॅरॅक्समध्ये नेण्यात आले. तेथे ३,००० हून अधिक कैदी ठेवले गेले आणि नेत्यांचे लष्करी खटलेही तेथेच चालले.

कर्रा येथील छावणी निराळी. किल्डेअरच्या त्या विस्तीर्ण कुरणावर क्रिमियन युद्धाच्या वेळी, १८५५ मध्ये, कायमची छावणी वसवली गेली. मार्च १९१४ मध्ये, आयर्लंडला स्वराज्य देण्याच्या कायद्याला उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात विरोध पेटला असताना, तेथील अनेक ब्रिटिश अधिकाऱ्यांनी अल्स्टरवर चालून जाण्यापेक्षा राजीनामा देऊ, असे कळवून सरकारला पेचात टाकले. १६ मे १९२२ रोजी ती छावणी आयरिश सैन्याच्या ताब्यात आली आणि १९२८ मध्ये तिच्यातील सात बराकींना १९१६ च्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या सात जणांची नावे देण्यात आली. त्या सातही जणांना ब्रिटिशांनी गोळ्या घातल्या होत्या.

नामांतराची ही रीत सर्वत्र दिसते आणि तिच्यात एक मिस्कीलपणा आहे. नेसचा डेपो, जेथे डब्लिन फ्युझिलिअर्सचे रंगरूट घडत, तो पुढे जॉन डेव्हॉय याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. हा नेसजवळच जन्मलेला फेनियन क्रांतिकारक १८६५ च्या सुमारास ब्रिटिश सैन्यातील आयरिश शिपायांना गुप्तपणे फितवण्याचे काम करत होता. म्हणजे ज्याने बराकी आतून पोखरायचा घाट घातला, त्याचेच नाव बराकीच्या फाटकावर लागले. आज त्या जागेवर किल्डेअर परगण्याच्या प्रशासनाची कचेरी आहे. गॉलवेजवळील रेनमोर येथील कनॉट रेंजर्सच्या डेपोला लियम मेलोज याचे नाव आहे. त्याला तर ब्रिटिशांनी नव्हे, डिसेंबर १९२२ मध्ये नव्या आयरिश सरकारनेच गोळ्या घातल्या होत्या. अ‍ॅथलोनच्या व्हिक्टोरिया बॅरॅक्सला सार्जंट कस्टूमचे नाव देताना मात्र थेट १६९१ मध्ये, शॅनन नदीवरील पुलाच्या झुंजीत पडलेल्या वीरापर्यंत मागे जावे लागले.

क्रिंकिलच्या वाट्याला नवे नाव आलेच नाही. यादवी युद्धात, जुलै १९२२ मध्ये, ब्रिटिशांशी झालेल्या १९२१ च्या तहाला विरोध करणाऱ्या सैनिकांनी माघार घेताना ती जाळून टाकली. त्यामुळे मुंबई आणि कॅनडाच्या त्या संसाराचे घर आता भिंतींच्या अवशेषांपुरते उरले आहे.

राहता राहिली नकाशांच्या अदलाबदलीची कथा. ती खोटी आहे. मॅकी बॅरॅक्स म्हणजे पूर्वीची मार्लबरो बॅरॅक्स, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घोडदळासाठी बांधलेली आणि त्या काळच्या रुचीप्रमाणे मनोरे-घुमट्यांनी नटवलेली. हीच कथा केरीतील काहरसिव्हीनच्या पोलीस ठाण्याविषयीही तितक्याच खात्रीने सांगितली जाते. प्रत्येक वेळी भारतात कोठेतरी एक आयरिश इमारत उन्हात तापत उभी असल्याचे सांगणारे भेटतात, परंतु ती कोणत्या गावी आहे ते कोणी सांगत नाही. यानिमित्ताने एक सूचना करतो: आयर्लंडमध्ये जुन्या काळी पोलिसांच्या ठाण्यालाही बॅरॅक्सच म्हणत, कारण तेथील पोलीस दल सशस्त्र होते आणि शिपाई ठाण्यातच राहत. स्वातंत्र्ययुद्धात ज्या शेकडो ‘बॅरॅक्स’ जाळल्या गेल्याचे वाचायला मिळते, त्या बहुतेक या पोलिसांच्या होत्या, सैन्याच्या नव्हेत.

दगशाई

जुना दप्तरदार यांच्या प्रतिसादातील माहिती मोलाची आहे, परंतु ‘दत्तक’ या शब्दाशी मी पूर्णपणे सहमत नाही. दत्तक मुलगा परक्या रक्ताचा असतो असा त्यातून समज होतो. कंपनीची भरतीची ठाणी डब्लिन आणि कॉर्क येथेही होती आणि १८२५ ते १८५० या काळात बंगालच्या फौजेसाठी भरती झालेल्या गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याच्या आसपास आयरिश होते. राणीच्या सैन्यातही १८३० मध्ये दर शंभरांत बेचाळीस शिपाई आयरिश असल्याचे आकडे आहेत. शेतीवर पोट भरत नसलेल्या धाकट्या मुलाला रोजचे जेवण आणि अंगावर कापड देणारी दुसरी चाकरी त्या देशात सहज मिळत नव्हती. तेव्हा १८८१ मध्ये या पलटणी आयर्लंडला ‘दिल्या’ गेल्या हे कागदावर खरे असले, तरी त्यांच्यातील पुष्कळ माणसांसाठी तो परतीचा प्रवास होता.

आणि शत्रुपक्षातही आयरिश होतेच. १७६० च्या वांदिवाशच्या लढाईत इंग्रजांचा सेनापती आयर कूट हा लिमरिक परगण्यातला, तर फ्रेंचांचा सेनापती लाली हा लिमरिकच्या तहानंतर फ्रान्सला गेलेल्या आयरिश घराण्यातला. डब्लिन फ्युझिलिअर्सच्या यादीतील ‘वांदिवाश’ हा सन्मान असा घरातल्या घरात मिळवलेला आहे.

माझे टोपणनाव ज्या गावावरून घेतले आहे त्याचीही हकीकत या धाग्यात यायला हवी. जून १९२० मध्ये जालंधरला असलेल्या कनॉट रेंजर्सच्या पहिल्या बटालियनमधील शिपायांना घरून येणाऱ्या पत्रांतून आणि वर्तमानपत्रांतून आयर्लंडमधील ब्रिटिश दडपशाहीच्या बातम्या कळत होत्या. २८ जून रोजी त्यांनी जाहीर केले की, आयर्लंडमधून ब्रिटिश सैन्य माघारी जाईपर्यंत आम्ही काम करणार नाही. जालंधरला हे प्रकरण शस्त्रांविना राहिले. सोलनला मात्र जेम्स डाली या तरुण शिपायाच्या नेतृत्वाखाली काही जणांनी शस्त्रागारावर चाल केली आणि पहाऱ्याच्या गोळीबारात दोघे ठार झाले. अनेकांना मृत्युदंड ठोठावला गेला, परंतु तो अंमलात आला एकट्या डालीच्या बाबतीत. २ नोव्हेंबर १९२० रोजी दगशाईच्या लष्करी तुरुंगात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. १९७० मध्ये त्याचे अवशेष आयर्लंडला नेऊन पुन्हा पुरण्यात आले. कनॉट रेंजर्सचे शिपाई हिंदुस्थानवर राज्य करणाऱ्या सैन्याचा भाग होते आणि त्याच वेळी आपल्या घरावर राज्य करणारेही तेच सैन्य आहे हे त्यांना अचानक जाणवले, एवढाच या घटनेचा अर्थ मी लावतो. त्यांनी हिंदी स्वातंत्र्यासाठी बंड केले, असे जे कधी कधी लिहिले जाते, त्याला आधार नाही.

खडकीकर

तिन्ही सदस्यांचे मनःपूर्वक आभार. मुलीला ‘हत्ती मद्रास-मुंबईहून आला’ एवढे उत्तर तूर्त पुरले आहे; मला मात्र पुरत नाही. दोन गोष्टी विचारतो. ही पलटण शेवटी कोठे गेली? आणि खडकीला किंवा पुण्याच्या छावणीत राहून गेलेल्या अशा एखाद्या शिपायाचा माग आज सामान्य माणसाला काढता येतो काय?

जुना दप्तरदार

दगशाई यांचा आक्षेप मान्य. ‘दत्तक’ऐवजी ‘भाचा आजोळी राहायला गेला’ असे म्हणावे लागेल, फक्त मृत्युपत्रात नाव आजोळच्यांनी घातले.

पलटणीचा शेवट अगदी तारखेनिशी सांगता येतो. पहिल्या महायुद्धात सुमारे दोन लाख आयरिश माणसे ब्रिटिश सैन्यात होती. २५ एप्रिल १९१५ रोजी गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर पहिली डब्लिन आणि पहिली मन्स्टर, म्हणजे पूर्वीची मद्रास युरोपियन आणि पूर्वीची बंगाल युरोपियन, एकाच पुळणीवर उतरवली गेली आणि यंत्रतोफांच्या माऱ्यात दोन्हींची इतकी हानी झाली की उरलेल्यांची काही काळ मिळून एकच पलटण करावी लागली. शिपाई तिला ‘डब्स्टर्स’ म्हणत. १९२२ मध्ये आयर्लंडचे सव्वीस परगणे स्वतंत्र झाल्यावर तेथून भरती करणाऱ्या रेजिमेंट ठेवण्यात अर्थ उरला नव्हता आणि ब्रिटिश सरकारला खर्चही कमी करायचा होता. १२ जून १९२२ रोजी विंडसरच्या किल्ल्यात पाचव्या जॉर्ज राजाने रॉयल आयरिश रेजिमेंट, कनॉट रेंजर्स, लेन्स्टर, मन्स्टर आणि डब्लिन या पाच पायदळ रेजिमेंटांची निशाणे स्वतःच्या हाती स्वीकारली आणि जुलैअखेर त्या बरखास्त झाल्या. निशाणे विंडसरला राहिली. आयर्लंडच्या नव्या सैन्याने या पलटणींपैकी एकीचाही वारसा सांगितला नाही. त्यांनी आपल्या बटालियनांना साधे क्रमांक दिले. इमारती मात्र घेतल्या, कारण छपराला निष्ठा नसते. उत्तरेकडील तीन रेजिमेंट पुढे चालू राहिल्या आणि १९६८ मध्ये त्या एकत्र करण्यात आल्या.

मागाविषयी सांगायचे तर कंपनीच्या काळातील गोऱ्या शिपायांच्या भरतीच्या नोंदवह्या आणि हजेरीपट लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. १८६० च्या दशकानंतरचे शिपाई राणीच्या सैन्यातले असल्यामुळे त्यांचे निवृत्तीचे कागद लंडनमधील क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहावेत. पहिल्या महायुद्धातील शिपायांच्या सेवापत्रकांचा मोठा भाग १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाला, आणि डब्लिनचे जुने दप्तर तर ३० जून १९२२ रोजी फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या वास्तूतील स्फोटात गेलेच. तथापि आपण डब्लिनमध्ये आहात, तर घरबसल्या एक गोष्ट करून पाहा. आयर्लंडच्या १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे मूळ तक्ते तेथील राष्ट्रीय अभिलेखागाराने संगणकावर विनामूल्य ठेवले आहेत. बराकींसाठी वेगळा तक्ता असे. त्यात वय, धर्म, जन्मस्थान, पूर्वीचा व्यवसाय हे सारे भरलेले असते, परंतु शिपायांची पूर्ण नावे देत नसत, फक्त आद्याक्षरे.

खडकीकर

काल रात्री मुलगी झोपल्यावर ते तक्ते उघडून बसलो. १९११ च्या जनगणनेतील एका बराकीचे चार-पाच कागद एकापाठोपाठ वाचले. काळ्या शाईतील, एकाच हाताचे, उजवीकडे कललेले अक्षर आहे. बहुतेकांच्या पुढे डब्लिन किंवा किल्डेअर असे लिहिलेले आहे आणि व्यवसायाच्या रकान्यात ‘मजूर’ हा शब्द इतक्या वेळा आला आहे की लिहिणाऱ्याने पुढे पुढे वरच्या शब्दाची पुनरुक्तीची खूण करून वेळ वाचवला आहे. तिसऱ्या कागदावर खालून सहावी ओळ अशी आहे: दोन आद्याक्षरे, वय २४, अविवाहित, रोमन कॅथलिक, जन्मस्थान ईस्ट इंडीज. आयर्लंडबाहेर जन्मलेल्यांनी गावाचे नाव न लिहिता फक्त देश लिहावा, असा त्या तक्त्यावरचा नियम असल्यामुळे पुढे काही नाही. म्हणजे तो १८८७ च्या सुमारास जन्मलेला, बहुधा एखाद्या शिपायाचाच मुलगा. पुणे, खडकी, मद्रास, रंगून, कोठलाही असू शकेल. ती ओळ मी उतरवून ठेवली आहे. क्यूच्या कागदांत आद्याक्षरांवरून आणि वयावरून शोध घेता येतो का ते आता पाहतो, आणि काही हाती लागले तर याच धाग्यावर कळवतो.